सुनंदाताईंनी सांगितलेला सिनेमा

नेदरलँड्समधल्या फोरबर्ग गावी आमच्या शेजारच्या घरात सुनंदा मेश्राम राहायच्या. आम्ही तिथे राहायला गेलो त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला चहाला बोलावलं आणि चहा गाळता गाळता विचारलं, "तू काय शोधून राहिली?"

मी काहीच शोधत नव्हते, निदान उघडपणे तरी नाही. मी पुण्याची. आम्ही फक्त सहज, गप्पांच्या ओघात, मेश्राम म्हणजे नेमके कुठले एवढंच विचारतो. त्या नागपूर म्हणाल्यावर मी नागपुरात कुठे, असंही विचारलं होतं. माझ्या मते अगदी सफाईने. त्यांनी गाळणी ओट्यावर ठेवली.

"बौद्ध," त्या म्हणाल्या. "आता झालं तुझं काम. साखर किती?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला वाटलं, पण नेदरलँड्सची जमीन अशा बाबतीत उपयोगाची नाही, खाली लगेच पाणी लागतं. त्या दिवसापासून त्या मला 'पुणेकर' म्हणायला लागल्या. माझं खरं नाव त्यांनी पाच वर्षांत दोनदा वापरलं असेल, तेही कुरियरवाल्यासमोर.

सुनंदाताई तेव्हा सत्तेचाळीसच्या होत्या. उंची बेताची, केस कानापर्यंत कापलेले, आवाज मात्र दोन घरं पलीकडे पोचणारा. लायडनच्या सायन्स पार्कातल्या एका कंपनीत त्या यीस्ट वाढवायच्या. "माझ्या हाताखाली चाळीस कोटी आहेत," त्या म्हणायच्या, "आणि एकही जण मीटिंग बोलावून नाही राहिला." प्रयोगशाळेतली सवय घरातही आली होती. फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी आणि तिच्यावर निळ्या मार्करने इतिवृत्त. 'वरण. मंगळवार. उद्या आंबेल.' 'पोहे. मेश्रामने केले. आपल्या जबाबदारीवर खाणे.'

मेश्राम म्हणजे त्यांचे यजमान, विलासभाऊ. नवऱ्याला आडनावाने हाक मारणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. विलासभाऊ आयटीत होते. शांत, सोशिक, कोणत्याही वादळात प्रथम चष्मा पुसायला घेणारे. त्यांची मुलगी ऋजुता वयाच्या तिसऱ्या वर्षी तिकडे आलेली. तिला मराठीचा शब्दन् शब्द कळायचा, पण उत्तर इंग्रजीत यायचं आणि राग आला तर डचमध्ये. त्यामुळे तिच्या रागाची खबर आम्हा शेजाऱ्यांना भाषेवरूनच लागायची.

खोटं बोलणं सुनंदाताईंना जमत नसे. त्याला डोकं लागतं, आणि आपलं डोकं यीस्टकडे गेलं, असं त्यांचं स्पष्टीकरण होतं. मराठी मंडळाच्या दिवाळीत जोगळेकरकाकांनी दीड तास नाट्यगीतं म्हटली आणि कशी झाली म्हणून एकेकाला विचारत हिंडले, तेव्हा आम्ही सगळ्यांनी वाहवा केली. सुनंदाताईंनी सांगितलं, पहिली दोन बरी होती, नंतर मी जेवायला कधी वाढतील ते पाहून राहिली होती. काका वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत. हे वर्ष किती निवांत गेलं ते त्या पुढे बरेच दिवस सांगत होत्या.

मग महामारी आली. आमच्या रांगेतले सगळे आपापल्या माळ्यावर लॅपटॉप घेऊन बसले. सुनंदाताईंना ते शक्य नव्हतं, यीस्ट घरून वाढत नाही. आगगाडीत बसायला नको म्हणून त्या सायकलने लायडनला जायला लागल्या. कालव्याच्या काठाकाठाने, जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर. वाटेत लायडस्खेनडामला स्लाउस लागतो. म्हणजे कालव्यातली बोटींसाठीची मोठी दारं आणि त्यावरचा उघडणारा पूल. बोट आली की घंटा वाजते, पूल उचलला जातो आणि रस्त्यावरचे लोक मुकाट उभे राहतात.

सुनंदाताई मुकाट उभ्या राहणाऱ्यांतल्या नव्हत्या. चौथ्या दिवशी त्यांनी पूल चालवणाऱ्या बाईला खालून ओरडून विचारलं, की एका म्हाताऱ्याच्या होडीसाठी वीस कामकरी माणसं थांबवणं हा कुठला न्याय. वरून हानेके नावाची पंचावन्नची, पिकल्या केसांची, रुंद खांद्यांची बाई डोकावली. ती म्हणाली, होडीला ब्रेक नसतो, तुम्हाला आहे. सुनंदाताईंना आयुष्यात कुणी एका वाक्यात गप्प केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या दहा मिनिटं लवकर निघाल्या, उत्तर घेऊन. हानेकेने ते ऐकून घेतलं आणि कॉफी विचारली.

दीड मीटरचं अंतर पाळायचे दिवस. हानेकेने बोट ओढायच्या लांब दांड्याच्या आकड्याला कपाचा कान अडकवला आणि कॉफी पुढे केली. अर्धी सांडली. हे सगळं सुनंदाताईंनी मला कुंपणावरून, हातात झाडू धरून, अभिनयासह सांगितलं. मी हसले. पुढे महिनाभर रोज थोडं थोडं ऐकलं. हानेके विधवा नाही, घटस्फोटित नाही, तिने लग्नच केलं नाही. हानेके बदकांना शिव्या देते. हानेकेला मिरची चालते पण घाम फुटतो. मी हसतच राहिले. आता आठवलं की वाटतं, मी फार शहाणी समजत होते स्वतःला. सुनंदाताई शिट्टी वाजवत भांडी घासायला लागल्या तरी माझ्या डोक्यात काही आलं नाही.

त्या हिवाळ्यात पुन्हा सगळं बंद झालं. मंडळाने कंटाळा घालवायला झूमवर सिनेमा मंडळ काढलं. दर शनिवारी दुपारी चार वाजता एका घराने सिनेमा निवडायचा आणि सगळ्यांनी आपापल्या सोफ्यावरून पाहायचा. पाच-सहा आठवडे जुने विनोदी सिनेमे झाले. मेश्रामांची पाळी आली तेव्हा सुनंदाताईंनी डच सिनेमा लावला. आपण इथे राहतो तर इथलंही पाहावं, असं त्या म्हणाल्या. मंडळाला ते फार उदात्त वाटलं. अडचण एकच होती. खाली इंग्रजी अक्षरं येत नव्हती आणि मंडळातल्या बहुतेकांचं डच भाजीच्या दुकानापुढे जात नव्हतं. सुनंदाताई म्हणाल्या, काळजी नको, मी मराठीत सांगत जाते.

सिनेमा एका खेड्यातल्या बेकरीवालीचा होता. नवरा, दोन मुलं, पहाटेचा पाव. गावात गुरांची नवी डॉक्टरीण येते आणि बेकरीवाली तिच्या प्रेमात पडते. हे कळायला मंडळाला पाऊण तास लागला, कारण सगळ्यांना वाटत होतं की गाईचं काहीतरी चाललंय. सुनंदाताई सुरुवातीला नीट भाषांतर करत होत्या. मेश्राम कुटुंब एकाच खिडकीत दिसत होतं, सोफ्यावर रांगेने. विलासभाऊ शेंगदाणे सोलत होते. ऋजुता पाय वर घेऊन फोनमध्ये.

मी डचचा एक वर्ग केला होता, अर्धंमुर्धं समजायचं. पडद्यावर बेकरीवाली नवऱ्याला म्हणाली, मला आता काहीच कळत नाही. सुनंदाताई म्हणाल्या, "ती म्हणते, मला पहिल्यांदा कळून राहिलं." मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली असेल. मग नवऱ्याने विचारलं, गाडीची किल्ली कुठे आहे. बाई काही बोलली नाही, गोठ्यात निघून गेली. पडद्यावर नुसती गाय होती. आणि सुनंदाताई भाषांतर करत होत्या.

"ती म्हणते, नवरा वाईट नाही. कधी ओरडला नाही, कधी अडवलं नाही. पण मी त्याच्या घरात चोवीस वर्षं पाहुणीसारखी नीट वागून राहिली. पाहुणी चांगली होती, कोणाची तक्रार नाही. आता ही दुसरी बाई आली, तिच्यासमोर मी कशीही बसते. मला घरी जायचं आहे, ती म्हणते, आणि माझं घर हे नाही."

पस्तीस खिडक्यांतले चेहरे पडद्याजवळ सरकले. जोगळेकरकाकांनी माइक चालू करून विचारलं, "एवढं सगळं गाय म्हणाली का?"

कुणी हसलं नाही. मेश्रामांच्या खिडकीत ऋजुताने मान वर केली होती. सुनंदाताई सोडल्या तर दोन्ही भाषा पुऱ्या येणारी त्या दुपारी ती एकटीच होती. तिने आईकडे पाहिलं आणि डचमध्ये, अगदी हळू, म्हटलं, "आई, ती असं म्हणत नाहीये." विलासभाऊंच्या हातातला शेंगदाणा तसाच राहिला. मग त्यांची खिडकी काळी झाली. सिनेमा कुणाच्याच लक्षात राहिला नाही.

पुढे मी सुनंदाताईंना विचारलं की असं का केलंत. त्या म्हणाल्या, ठरवलं नव्हतं. पडद्यावरची बाई गप्प बसली त्याचा राग आला, आणि मग थांबताच आलं नाही. इतकी वर्षं स्वतःला कळलं नव्हतं का, हेही मी विचारलं, कारण मी पुण्याची. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही. "पोटात दुखलं की माणूस म्हणते गॅस झाला. वीस वर्षं मी गॅसच समजून राहिली."

ती दुसरी बाई म्हणजे पुलावरची हानेके, हे आठवड्याभरात सगळ्यांना कळलं आणि मंडळात अर्थातच भूकंप झाला. तिघांचं शिष्टमंडळ समजूत घालायला जाणार असं ठरलं. पण त्या दिवसांत एका घरात दिवसाला एकच पाहुणा, असा सरकारी नियम होता, आणि आपले लोक परदेशात नियम फार पाळतात. त्यामुळे शिष्टमंडळ हप्त्याहप्त्याने आलं. पहिल्या दिवशी जोगळेकरकाका. त्यांनी तासभर संस्कारांवर भाषण केलं, मास्क न काढता, त्यामुळे चहा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी मंडळाचे सेक्रेटरी. त्यांनी खाजगीत सुचवलं, की इथे ऊन कमी, व्हिटॅमिन डी तपासून घ्यावं. तिसऱ्या दिवशी जोगळेकरकाकू. त्यांनी मास्क काढला, चहाचा कप हातात घेतला. मग विचारलं, तुम्ही दोघी दिवसभर बोलता तरी काय. सुनंदाताईंनी सांगितलं. काकू दोन तास बसल्या, तीन कप चहा प्यायल्या आणि जाताना म्हणाल्या, इतका वेळ बसले हे ह्यांना सांगू नका.

आईला नागपूरला सुनंदाताईंनी स्वतःच फोन केला. आई निवृत्त नर्स, वय अठ्ठ्याहत्तर. सगळं ऐकून घेतल्यावर आईने एवढंच विचारलं, की ती स्वयंपाक करते का. नाही, सुनंदाताई म्हणाल्या. "मंग काहून जाऊन राहिली?" आई म्हणाली आणि फोन ठेवला. आठ दिवसांनी तिचाच फोन आला, ऋजुताचं जेवणखाण कोण पाहून राहिलं म्हणून.

हसण्यासारखं होतं ते इथपर्यंत. घरात काय चाललं होतं ते हसण्यासारखं नव्हतं. दुसरं घर मिळत नव्हतं आणि इतक्यात हानेकेकडे जायला सुनंदाताईंचं मन होत नव्हतं, म्हणून तिघं तिथेच राहत होती. विलासभाऊ वर, सुनंदाताई खाली सोफ्यावर, आणि मधल्या मजल्यावर ऋजुता, दार बंद करून. ती आईशी बोलेनाशी झाली. वायफाय गेलं तर बाबांना सांगायची, तिला सांगा. विलासभाऊ जिन्यात उभे राहून एकाच वाक्याचं खाली-वर टपाल करायचे.

एकदा ते आमच्या दारात आले आणि अंतर राखून विचारलं, भाताला पाणी किती घालायचं. मी सांगितलं. ते गेले नाहीत. मग म्हणाले, मी काल तिकडे गेलो होतो. तिकडे म्हणजे पुलावर, हानेकेशी भांडायला. घरून वाक्यं पाठ करून गेले होते. तिथे पोचल्यावर पूल ओलांडला, परत आले, पुन्हा ओलांडला. शेवटी हानेकेनेच वरून विचारलं, काही हवंय का. त्यांनी डचच्या वर्गात शिकलेलं वाक्य म्हटलं, मी सुनंदाचा नवरा आहे. ती खाली आली. त्यांच्याकडे पाहिलं, मग सायकलकडे पाहिलं. चेन उतरली होती. तिने गुडघ्यावर बसून ती बसवून दिली, हात पँटला पुसले आणि म्हणाली, मला वाईट वाटतं, पण मी खोटं नाही सांगणार, मी तिला जा म्हणणार नाही.

"मग?" मी विचारलं.

विलासभाऊंनी चष्मा पुसला. "चेन बसवून देणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं? मी आभार मानले. घरी आल्यावर मला स्वतःचा इतका राग आला."

मग चष्मा परत डोळ्यांवर चढवत म्हणाले, "ती पाहुणी होती हे मला कळलं कसं नाही? मी तर घरातच होतो."

मी त्यांना डबाभर भात दिला.

वसंतात एका दुपारी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. कुंपणापलीकडे सुनंदाताई वाफ्यात मेथी पेरत होत्या. मागचं दार उघडलं आणि ऋजुता बाहेर आली. मी आत जायला हवं होतं. गेले नाही, एकच टॉवेल तीनदा झटकला.

ऋजुता डचमध्ये बोलत होती. तिने सांगितलं, हानेकेबद्दल तिला काही म्हणायचं नाही. तिच्या वर्गातल्या एका मुलीला दोन आया आहेत, त्यात काय. "पण तू मला सांगण्याआधी पस्तीस खिडक्यांना सांगितलंस. मी तुझ्या बाजूला बसले होते, आई. तुला फक्त मान वळवायची होती."

सुनंदाताईंकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असे. मी टॉवेल धरून त्याची वाट पाहत होते. त्यांनी हातातलं बी खाली ठेवलं.

"हव," त्या म्हणाल्या. "चुकली मी."

पुढे काही नाही. कारण नाही, विनोद नाही. ऋजुता आत गेली. काही मिटलं असं नव्हे. पण दुसऱ्या दिवशी तिने आईला थेट विचारलं, की माझा चार्जर पाहिलास का. सुनंदाताईंनी हे मला परीक्षेचा निकाल सांगावा तसं सांगितलं.

उन्हाळ्यात त्या हानेकेकडे राहायला गेल्या, सायकलने दहा-बारा मिनिटांवर. गेमेंटेत, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, पत्ता बदलायला त्या एकट्याच गेल्या. कोण काय विचारेल, म्हणून डचमध्ये उत्तरं तयार ठेवली होती. काउंटरवरच्या बाईने पोस्टकोड विचारला. मग घर नंबर विचारला. मग पुढच्या माणसाला बोलावलं. "इतकी हिंमत गोळा करून गेली," सुनंदाताई म्हणाल्या, "तिला जांभई आली बाप्पा." त्यांचा खरोखर हिरमोड झाला होता.

विलासभाऊ घरातच राहिले. भात शिकले, नंतर वरण, आणि एका रविवारी नागपुरी वडाभात करून सुनंदाताईंना हानेकेसह जेवायला बोलावलं. हानेकेला घाम फुटला. मंडळाने आणखी वर्षभर चर्चा केली आणि मग कुणाच्या तरी मुलाने बेल्जियममध्ये गुपचूप लग्न केल्याचं कळलं, तेव्हा मेश्राम सुटले.

ऋजुताला एनस्खेडेच्या तांत्रिक विद्यापीठात प्रवेश मिळाला. पार देशाच्या दुसऱ्या टोकाला. ऑगस्टच्या शेवटी तिला पोचवायला आम्ही दोन गाड्यांनी निघालो. हानेकेने कुणाची तरी व्हॅन आणली होती, तिच्यात गादी, टेबल आणि सुनंदाताई. माझ्या गाडीत विलासभाऊ, ऋजुता आणि तिची रोपटी. मी कशाला, तर ऋजुताच म्हणाली की चल, मध्ये कुणीतरी हवं. पुढच्याच महिन्यात आम्ही सगळं आवरून पुण्याला परतलो. त्यामुळे सुनंदाताईंना मी पाहिलं ते त्या दिवशी शेवटचं. आता फोनवर आवाज येतो, पण त्या कॅमेरा स्वतःच्या कपाळाकडे धरतात.

विद्यार्थ्यांचं ते घर अरुंद आणि जिना शिडीसारखा उभा. गादीचं वरचं टोक विलासभाऊंनी धरलं, खालचं सुनंदाताईंनी. वळणावर गादी अडकली. मग दोघांचं भांडण झालं, चोवीस वर्षांच्या सरावाचं, कोणी आधी ओढायचं यावर. वरच्या पायरीवरून हानेके डचमध्ये डावीकडे, डावीकडे असं सांगत होती, आणि विलासभाऊ बायकोचं न ऐकता तिचं ऐकत होते. गादी एकदम सुटली आणि तिघंही भिंतीला टेकून दम खात उभी राहिली.

सामान लागल्यावर आम्ही सगळे तिथल्या सामाईक स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो. तिथल्या शेगडीवर कित्येक पिढ्यांचा पास्ता वाळला होता. तेवढ्यात ऋजुताच्या घरात राहणारी एक उंच मुलगी ओल्या केसांनी आत आली आणि एवढी माणसं पाहून दारातच थबकली. ऋजुताने ओळख करून दिली.

"हे माझे बाबा," ती डचमध्ये म्हणाली. "ही आई. ही हानेके, ती आमच्यातलीच. आणि ही शेजारीण, हिला सगळं ऐकू येतं."

त्या मुलीने हाय म्हटलं, फ्रिजमधून दूध घेतलं आणि निघून गेली. हानेके खिडकीबाहेर पाहायला लागली. सुनंदाताई वळल्या, बेसिनजवळची घासणी उचलली आणि शेगडी घासायला लागल्या. आमच्याकडे पाठ, दोन्ही हात कोपरापर्यंत फेसात. आधी कडेचा थर निघाला, मग मधला. ऋजुताने जवळ जाऊन आईच्या घसरलेल्या बाह्या वर सारल्या आणि तिथेच उभी राहिली.

पाच-सात मिनिटांनी विलासभाऊंनी घड्याळ पाहिलं. "चल सुनंदा, लांब जायचं आहे."

"थांब ना," त्या मागे न पाहता म्हणाल्या. "डाग जाऊन नाही राहिला."

मी त्यांच्या मागेच उभी होते. शेगडी केव्हाच लख्ख झाली होती.